नगराचा केर आणि नगराची तिजोरी

मनुष्य जेथे वस्ती करतो तेथे केर साचतो, आणि जेथे नगर वसते तेथे तो केर उचलण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. पहिली गोष्ट निसर्गक्रमाने घडते. दुसरीचा निकाल मात्र प्रत्येक पिढीला नव्याने लावावा लागतो. या निकालाची दोन अगदी निराळी रूपे एकाच ठिकाणी पाहावयाची असतील, तर चेन्नईच्या उत्तरेस असलेल्या गुम्मिडिपूंडी या गावाकडे वळावे.

चेन्नईहून उत्तरेकडे निघणाऱ्या अनेक लोकल गाड्यांचा प्रवास याच स्थानकावर संपतो. गाव तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आणि आंध्र प्रदेशाच्या सीमेपासून जवळ आहे. तामिळनाडू सरकारने १९७१ साली ‘सिपकॉट’ हे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन केले. त्याची एक मोठी वसाहत येथे उभी राहिली. भंगार लोखंड वितळवून सळया करणारे, जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढणारे, रसायने तयार करणारे असे नाना प्रकारचे कारखाने या वसाहतीत आले. याच वसाहतीत कारखान्यांच्या घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो पुरण्याची सामाईक जागाही आहे.

या जागेचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. कारखान्यातून निघालेला विषारी गाळ, राख अथवा क्षार येथे आणताना त्याच्याबरोबर त्याचा दाखला असतो. माल कोणाचा, किती, कोणत्या जातीचा, हे त्यात नमूद केलेले असते. गाडी आली की मालाचे वजन होते, त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो, आवश्यकतेप्रमाणे त्यात चुना, सिमेंट यांसारखे पदार्थ मिसळून त्यातील विष बांधून टाकले जाते आणि मग चिकणमाती व जाड प्लास्टिकचे थर अंथरलेल्या खड्ड्यात तो ठेवला जातो. या सर्वांचा आकार, वाहतुकीसह, ज्या कारखान्याचा कचरा असेल त्याला भरावा लागतो. इतकेच नव्हे, तर खड्डा भरून बंद झाल्यावरही सुमारे ३० वर्षे त्याच्यावर देखरेख ठेवली पाहिजे आणि त्यासाठी निधी राखून ठेवला पाहिजे, अशी या प्रकारच्या जागांसंबंधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अपेक्षा आहे. थोडक्यात, घाण ज्याची त्याने तिचे आजचे मोल द्यावे आणि उद्याचेही द्यावे, हे तत्त्व येथे हिशेबाच्या वहीत उतरले आहे.

हे तत्त्व आपोआप आलेले नाही. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, त्याखालील १९८९ चे घातक कचऱ्याविषयीचे नियम आणि न्यायालयांचे निर्णय यांतून ते हळूहळू रुजले. विशेष म्हणजे, ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे सूत्र भारताच्या कायद्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९६ मध्ये ज्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले, तो तामिळनाडूतीलच होता. वेल्लोर भागातील कातडी कमावणाऱ्या कारखान्यांनी पालार नदीच्या खोऱ्यातील पाणी नासवले होते. त्याविरुद्ध तेथील नागरिकांनी दाद मागितली होती.

आता त्याच गुम्मिडिपूंडीतील दुसरा कचरा पाहावा. तो घरांतला, बाजारातला, खानावळींतला. २०११ च्या जनगणनेच्या वेळी गुम्मिडिपूंडीचा कारभार नगर पंचायतीकडे होता. अशा लहान संस्थेने घरोघरचा केर उचलावा, ओला-सुका निराळा करावा, ओल्याचे खत करावे आणि उरलेला निर्धोकपणे ठेवावा, अशी अपेक्षा असते. परंतु या कचऱ्याचे घरोघर वजन होत नाही. घरपट्टी, किरकोळ शुल्क आणि सरकारी अनुदान या तिहींच्या बळावर हे काम चालवावे लागते. एकाच गावात कारखान्याची राख तोलून घेतली जाते आणि घरातील केर न तोलता उचलला जातो. असे का व्हावे? कायदा अपुरा आहे म्हणून, हे त्याचे पूर्ण उत्तर नव्हे. त्याचे मूळ नगरांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास चेन्नईपासूनच आरंभ करता येतो.

शिवछत्रपतींच्या दक्षिण दिग्विजयात १६७७ साली जिंजीचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. त्यानंतरच्याच वर्षी, म्हणजे १६७८ मध्ये, मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील इंग्रज अंमलदार स्ट्रेन्शॅम मास्टर याने किल्ल्याबाहेरील वस्तीचे रस्ते झाडण्यासाठी घरांवर कर बसविण्याचा घाट घातला. भारतातील इंग्रजी अमलाखालच्या नगरांत केरासाठी कर मागण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय. रहिवाशांना तो रुचला नाही. आपापले अंगण झाडण्याची रीत सर्वांनाच होती. पण सर्वांचा रस्ता झाडण्यासाठी परक्या व्यापारी कंपनीला पैसे देणे ही कल्पना नवी होती. पुढील काही वर्षांत तटबंदीसाठीही कर मागण्यात आला, तेव्हा तर लोकांनी उघड विरोध केला.

लंडनमध्ये बसून कंपनीची सूत्रे हालविणाऱ्या जोशाया चाइल्ड याने या विरोधावरून एक धडा घेतला. कंपनीने हुकमाने बसविलेल्या मोठ्या कराची गोष्ट तर दूरच, लहान करही लोक कुरकुरत देतात. परंतु आपल्यातल्याच माणसांनी आपल्या सोयीसाठी बसविलेला कर ते अधिक राजीखुशीने देतील, असे त्याचे अनुमान होते. त्यातूनच मद्रास कॉर्पोरेशनचा जन्म झाला. १६८७ च्या डिसेंबरात सनद निघाली आणि २९ सप्टेंबर १६८८ रोजी नॅथॅनिअल हिगिन्सन हा पहिला महापौर आणि १२ आल्डरमन यांच्यासह ही संस्था कामास लागली. भारतातील ही सर्वांत जुनी महानगर संस्था. तिचे मूळ लोकसत्तेच्या प्रेमात नसून करवसुलीच्या अडचणीत होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नव्या कॉर्पोरेशनलाही वसुली जडच गेली. तथापि चाइल्डच्या अनुमानातील तथ्य आजही कायम आहे. ज्या कराचा विनियोग डोळ्यांना दिसतो आणि ज्याच्या आकारणीत आपला शब्द असतो, तोच कर सुखाने दिला जातो.

मद्रासचा हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांनी मुंबईने अधिक व्यवस्थितपणे हाती घेतला. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याने गटारे, बाजार आणि सफाई यांवर सढळ हाताने खर्च केला. शहर उजळले, पण करदात्यांचा संताप इतका वाढला की १८७१ मध्ये क्रॉफर्डची कारकीर्द संपुष्टात आली. सफाई सर्वांना हवी असते, तिचे देयक मात्र कोणालाच नको असते, हे मुंबईने त्या वेळी अनुभवले.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने या अनुभवाला आकार दिला. त्याच्या १४० व्या कलमात मालमत्तेवरील करांची विभागणी केलेली आहे. सर्वसाधारण कर निराळा, पाणीपट्टी निराळी आणि तिसरा ‘हलालखोर कर’. हलालखोर म्हणजे शौचकूप साफ करणारा कामगार. शब्दाचा मूळ अर्थ कष्टाची, विहित कमाई खाणारा असा; समाजाने मात्र तो हीन कामाचा शिक्का म्हणून वापरला. पूर्वी घरमालक आणि हलालखोर यांचा व्यवहार परस्पर, रूढीने ठरलेला असे. नगरपालिकेने ते काम आपल्या अंगावर घेतले आणि ज्या इमारतींची सेवा तिचे कामगार करीत त्यांच्यावर हा कर बसविला. पुढे जलवाहिनीची शौचालये आली आणि या कराचे नाव बदलून मलनिःसारण कर झाले.

या रचनेत एक शहाणपण होते आणि एक उणीवही होती. शहाणपण असे की, कर मिळकतीच्या किमतीवर असल्याने मलबार हिलच्या बंगल्याचा पैसा गिरणगावच्या गल्लीसाठीही वापरता येई. रोगाला पत्ता विचारावा लागत नाही. गरिबाची गल्ली घाण राहिली तर पटकी श्रीमंताच्या दारीही येते. म्हणून सफाईचा भार ऐपतीप्रमाणे वाटून घेणे यातच सर्वांचे हित होते. उणीव अशी की, कोणी किती केर केला याचा या कराशी काहीच संबंध नव्हता. चार टोपल्या केर टाकणारा आणि अर्धी टोपली टाकणारा, दोघांची मिळकत सारखी असेल तर पट्टीही सारखीच. केर कमी करावा अशी प्रेरणा या पट्टीत नव्हती. त्यातून सर्वसाधारण कराचा पैसा एकाच तिजोरीत जाऊन रस्ते, दिवे, पगार यांत मिसळे. सफाईवर नेमके किती लागले, हे सामान्य करदात्याला सहसा कळत नसे.

दुसरा मार्ग पुण्याने दाखविला. केराला करदात्याचा पैसा लावण्याऐवजी केराचाच पैसा करावा, हा तो मार्ग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे नगरपालिका मैला व राख यांचे मिश्रण करून सोनखत तयार करी आणि ते शेतकऱ्यांना विकी. आरंभी त्याला हात लावण्यास शेतकरी धजत नसत. विटाळाची कल्पना आड येई. परंतु खडकवासल्याच्या धरणाचे पाणी कालव्यांतून वाहू लागले, पुण्याच्या आसपास उसाचे मळे उभे राहिले आणि उसाला खत अपुरे पडू लागले. तेव्हा नफ्याने विटाळावर मात केली. ज्या सोनखताला कोणी विचारीत नव्हते त्याला चढा भाव आला. ‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ ही म्हण पुणेकरांनी अक्षरशः खरी होताना पाहिली.

हा अनुभव पुण्यापुरताच नव्हता. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घरोघरच्या चुलींची राख उचलण्याच्या हक्कासाठी कंत्राटदारच उलट स्थानिक संस्थेला पैसे देत. ती राख विटा करण्यास लागे. विटांची मागणी घटली तेव्हा चक्र उलटे फिरले आणि तीच राख उचलण्यासाठी कंत्राटदार पैसे मागू लागले. इंदूरच्या वनस्पती-संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा व शेण यांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली आणि १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे नगरांच्या केराचे खत करण्याच्या योजना देशभर निघाल्या. अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात त्यांना मोठे महत्त्व आले.

परंतु केवळ केराच्या विक्रीवर नगराची सफाई चालविता येत नाही, हेही याच इतिहासाने सिद्ध केले. स्वस्त रासायनिक खत आले आणि शेतकऱ्याने शहरी खताकडे पाठ फिरविली. केरात काच, चिंध्या आणि पुढे प्लास्टिक मिसळू लागले. असे खत शेतात घालणे म्हणजे शेत नासविणे. १९७० च्या दशकात अनेक शहरांत केंद्राच्या साहाय्याने यंत्रांनी खत करण्याचे कारखाने उभारले गेले. त्यांतील बहुतेक तोट्यात जाऊन बंद पडले. यंत्र उभारण्यास अनुदान होते. मिश्र केरातून शुद्ध खत काढण्याचा रोजचा खर्च भरून निघेल असा भाव मात्र बाजारात नव्हता.

येथे एक भेद करणे जरूर आहे. केराचे सर्व घटक सारखे नसतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातून निघालेले मराठी गलाई व्यावसायिक आज चेन्नईसह देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा करतात. सोनाराच्या पेढीवरील केरालाही भाव असतो, कारण त्यात सोन्याचे कण असतात. गुम्मिडिपूंडीच्या भट्ट्यांना भंगार लोखंड मिळावे म्हणून कोणत्याही नगरपालिकेला कर बसवावा लागत नाही; भंगारवाला ते दारात येऊन विकत घेतो. लोखंड, पितळ, रद्दी, काही जातींचे प्लास्टिक हे आपला खर्च आपणच भागवितात. याच्या उलट उष्टे-खरकटे, मळलेले कागद, बहुपदरी वेष्टणे, फुटके आरसे हे कोणालाच नको असतात. भावाचा माल बाजार उचलतो आणि बिनभावाचा नगरपालिकेच्या पदरात पडतो. त्यामुळे ‘कचऱ्यातून संपत्ती’ ही घोषणा ऐकावयास गोड वाटली, तरी अंदाजपत्रकाच्या दृष्टीने ती अर्धीच खरी आहे. भंगाराची भट्टीसुद्धा निव्वळ लाभाची नसते. तिच्या धुराविषयी आणि भूजलाविषयी आसपासच्या गावांची गाऱ्हाणी असतात, आणि त्या नुकसानीचे मोल भंगाराच्या भावात धरलेले नसते.

कर आणि विक्री या दोन उघड मार्गांनी खर्च भागत नसे, तेव्हा नगरे काय करीत? ती खर्च लपवीत. हा तिसरा मार्ग कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नाही, पण सर्वांत अधिक वापरला गेलेला आहे. खर्च लपविण्याच्या दोन जागा होत्या. एक झाडणाऱ्याचा देह आणि दुसरी शहराबाहेरची जमीन.

मुंबई राज्य सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. मैल्याच्या पाट्या डोक्यावरून वाहण्याची प्रथा बंद व्हावी, हातगाड्या व साधने द्यावीत, राहण्यास घरे द्यावीत, अशा तिच्या शिफारशींचा रोख होता. आज त्या वाचताना मनात येते की, यांतील एकही गोष्ट अशक्य नव्हती; तिला फक्त पैसा लागत होता. तो न देता काम होत होते, कारण जातीच्या जुलमाने हे काम करणारा माणूस स्वस्तात मिळत होता. हा डोक्यावरचा मैला कायद्याने बंद करण्यास १९९३ साल उजाडले, आणि तो कायदा अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. नगरांनी न भरलेल्या सफाईपट्टीचा भरणा अशा रीतीने एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आयुष्यातून केला.

दुसरी जागा जमीन. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईने आपला केर कचरा-गाडीने, म्हणजे खऱ्याखुऱ्या आगगाडीने, चेंबूरकडील दलदलीत नेण्यास आरंभ केला. तेव्हा ती जागा शहरापासून दूर होती. आज देवनारचा तो डोंगर दाट वस्तीने वेढलेला आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर पसरला होता. चेन्नईने उत्तरेस कोडुंगैयूर आणि दक्षिणेस पेरुंगुडी या जागा निवडल्या. पेरुंगुडीचा ढीग पळ्ळिकरणै या पाणथळीच्या अंगावर आला. त्याच पाणथळीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांच्या यादीत मान मिळाला. आता हे जुने ढीग उकरून, चाळून, जमीन मोकळी करण्याची कामे शेकडो कोटी रुपये खर्चून हाती घेण्यात आली आहेत. म्हणजे मागील पिढीने जो खर्च वाचविला असे मानले, तो वाचलाच नव्हता. तो पुढील पिढीच्या नावे खतावला गेला होता, तोही व्याजासह.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला घटनेत स्थान मिळाले. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनात्मक दर्जा आला आणि बाराव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य, सफाई व घनकचरा व्यवस्थापन हा विषय त्यांच्याकडे सोपविण्याजोगा म्हणून नोंदविला गेला. काम मिळाले, परंतु त्याच्या तोलाची तिजोरी मिळाली नाही. महाराष्ट्रात तर उलटेच घडले. नगरपालिकांचा सर्वांत भरवशाचा रोकड पैसा म्हणजे जकात. ती १९९९ मध्ये नगरपरिषदांतून गेली, नंतर महानगरपालिकांतून गेली आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईतूनही गेली. जकात ही व्यापाराला जाचक होती, हे खरे. पण ती गेल्याने सफाईचा खर्च राज्याच्या भरपाईवर आणि केंद्राच्या अनुदानावर अधिक विसंबू लागला. केंद्राने नोव्हेंबर २०१५ मध्ये सेवांवर अर्धा टक्का स्वच्छ भारत उपकर बसविला होता, तोही त्याच जुलैमध्ये संपला. वित्त आयोगाच्या अनुदानातील काही भाग सफाई आणि पाणी यांसाठी राखून ठेवण्याची पद्धत मात्र पुढे चालू राहिली. अनुदानाचा गुण असा की, त्यातून गाड्या घेता येतात, शेड बांधता येते. दोष असा की, गाडी चालविणाऱ्याचा दरमहाचा पगार त्याच्या भरवशावर ठरविता येत नाही.

या अडचणीतून नागरिकांनी स्वतःच काढलेली एक वाट चेन्नईतच उगम पावली. १९८९ मध्ये एम. बी. निर्मल यांनी तेथे ‘एक्स्नोरा’ ही नागरी चळवळ सुरू केली. गल्लीतील घरांनी एकत्र यावे, दरमहा अल्प वर्गणी जमवावी, तिच्यातून केर गोळा करणारा माणूस नेमावा आणि त्याला ‘गल्ली सुशोभित करणारा’ असे मानाचे नाव द्यावे, अशी ती योजना होती. चाइल्डच्या जुन्या अनुमानाला तीनशे वर्षांनी मिळालेली ही पुष्टी होती. लोकांना आपला माणूस आणि त्याचे काम दिसत होते, म्हणून ते पैसे देत होते.

पुण्याने याच कल्पनेला अधिक न्याय्य रूप दिले. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरा वेचणाऱ्या स्त्रियांची व भंगारवाल्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायका जो माल पुन्हा कारखान्यांकडे पाठवितात तो नगरपालिकेला उचलावा लागत नाही, म्हणून त्या नगराचा खर्च वाचवितात, हा मुद्दा या संघटनेने हिशेबाने मांडला. २००८ मध्ये या स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्यास आरंभ केला. घरांनी दिलेले शुल्क आणि भंगाराच्या विक्रीचे पैसे ही त्यांची कमाई, आणि साधने व देखरेख यांसाठी महानगरपालिकेचे साहाय्य. सेवेचे शुल्क, मालाचा भाव आणि सार्वजनिक निधी हे तिन्ही प्रवाह येथे एकत्र आले, आणि पूर्वी ज्यांच्या देहावर खर्च लपविला जाई त्यांना त्यांचा वाटा निदान उघडपणे मागता येऊ लागला.

तरीही शुल्काच्या मर्यादा आकड्यांनी समजून घेतल्या पाहिजेत. उदाहरणादाखल १०,००० घरांचे एक नगर कल्पावे. एका कामगाराकडे २५० घरे दिली तर ४० कामगार लागतील. दरमहा १५,००० रुपये वेतन धरले, तर वेतनाचाच खर्च ६ लाख होतो. प्रत्येक घराने ४० रुपये दिले आणि एकानेही बुडविले नाही, तरी जमा होतात ४ लाख. गाड्या, डिझेल, खताची शेड, उरल्यासुरल्याची विल्हेवाट हे सारे अजून बाकीच आहे. शुल्क ६० रुपये केले तर केवळ वेतन भागेल. गरीब वस्तीला हे ६० रुपये जड, आणि तिला वगळले तर रोगाला दार मोकळे. म्हणून केवळ शुल्काने हे काम भागत नाही आणि केवळ करानेही भागत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थांना शुल्क घेण्यास सांगितले, तरी कित्येक शहरांत ते जाहीर होताच विरोध झाला. विरोध करणाऱ्यांचा प्रश्न एकच होता: घरपट्टी घेता ती कशासाठी? स्वतंत्र हिशेब दाखविल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

पैसा कोठून येतो याइतकेच तो कोणत्या मापाने दिला जातो, हेही महत्त्वाचे आहे. चेन्नईने २००० साली शहराच्या काही भागांची सफाई एका परदेशी कंपनीकडे दिली, तेव्हा मोबदला उचललेल्या वजनावर होता. वजनावर मोबदला असला की कंत्राटदाराचे हित केर वाढण्यात असते. वेचणाऱ्या बाईने काढून घेतलेली प्रत्येक बाटली त्याच्या बिलातून वजा होते. याच्या उलट दक्षिण कोरियाने १ जानेवारी १९९५ पासून घरांसाठीच माप लावले. केर ठरावीक, विकत घेतलेल्या पिशव्यांतूनच टाकावयाचा. जितक्या पिशव्या तितके पैसे. वेगळा काढलेला कागद वा काच यांना मात्र शुल्क नाही. तेथे केर कमी करण्यात घराचे हित निर्माण झाले. जर्मनीने १९९१ मध्ये आणखी एक पायरी मागे जाऊन वेष्टणांच्या विल्हेवाटीचा भार उत्पादकांवरच टाकला. भारतातही प्लास्टिक वेष्टणांसंबंधी उत्पादकांची अशी जबाबदारी २०२२ च्या नियमांनी तपशीलवार ठरवून दिली. कारखान्याच्या गाळासाठी गुम्मिडिपूंडीत जे तत्त्व लागू होते, ते घरातल्या रिकाम्या पुडीपर्यंत आणण्याचाच हा प्रयत्न आहे.

या साडेतीनशे वर्षांच्या अनुभवातून एक व्यवस्था सुचते. रस्ते, बाजार आणि गरिबांच्या वस्त्या यांची सफाई मालमत्ताकरातून व्हावी, कारण तिचा लाभ सर्वांना अविभाज्यपणे मिळतो. दारातून केर नेण्यासाठी घराने ऐपतीप्रमाणे शुल्क द्यावे आणि उपाहारगृहे, मंगल कार्यालये, मोठ्या इमारती यांनी केराच्या मानाने द्यावे. भंगाराचा भाव ते वेचणाऱ्याच्या पदरी पडावा. ज्या वेष्टणाला भाव नाही त्याचा भार ते बाजारात आणणाऱ्याने उचलावा. अनुदान उभारणीसाठी वापरावे, रोजच्या पगारासाठी नव्हे. आणि जो ढीग आज उभा राहतो तो उद्या मिटविण्याचा निधी आजच बाजूला काढावा. या सर्वांची एक स्वतंत्र खातेवही असावी आणि ती दरसाल नागरिकांपुढे उघडी ठेवावी.

अशी वही उघडली गेली की तिच्यातील एक रकाना सर्वांत आधी पाहावयास हवा: सफाई कामगाराचे वेतन, हातमोजे, औषधपाणी आणि घर यांचा. तो रकाना भरलेला असेल तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येईल. तो रिकामा असेल, तर नगराची सफाई अजूनही कोणीतरी दुसराच आपल्या पदरच्या मोलाने करीत आहे, असे समजावे.